तंबू ते तंबू

अफताबने फोन कानावरून काढला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"कोण होतं?" शत्रुघ्नने विचारलं.

"हमजा. गफूरभाईंचा मुलगा." अफताबने आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. "त्याची आई गेली, बानूभाभी. सकाळी अंगणात चक्कर येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत. दुपारी दफनही झालं."

गफूर लाकडं आणायला टेकाडापलीकडे गेला होता.

हे तिघे दर हिवाळ्यात कुवेतमधल्या मुत्ला नावाच्या कड्याच्या कडेने चालत जायचे, एका तंबूवरून दुसऱ्या तंबूवर. गफूरचं शुवैखला गॅरेज होतं आणि त्याच्या कुवेती गिऱ्हाइकांचे तंबू थंडीत या वाळवंटात लागायचे. मालक शहरात असले की राखणदार तिघांना कोपऱ्यातल्या लहान तंबूत झोपू देत. अफताब कुवेत सिटीत हिशेबनीस होता, रत्नागिरीकडे गफूरच्या शेजारच्या गावचा. शत्रुघ्न अहमदीला काँट्रॅक्टवर वायरमन. हा पहिलाच मुक्काम. शेवटच्या तंबूपाशी त्यांनी गाडी लावून ठेवली होती.

"परत फिरू," शत्रुघ्न म्हणाला. "कोणाची तरी गाडी मागवू."

"हमजा नको म्हणतो. सुट्टीमुळे विमानं भरलेली. आपण परत पोचू त्याच रात्रीचं तिकीट मिळालंय. तोवर अब्बा खोलीवर भिंतीकडे बघत बसतील, म्हणतो. चालू दे त्यांना. शेवटच्या मुक्कामाला सांगा."

शत्रुघ्न काही बोलणार, तेवढ्यात गफूर आला. रिकाम्या हातांनी.

"नाहीत लाकडं तिकडे," तो म्हणाला आणि शेगडीशी बसून त्याने हात पुढे धरले. शेगडी अजून पेटवलेली नव्हती.

"गारठलात तुम्ही," शत्रुघ्न म्हणाला.

"हां. गारठलोच."

अफताबने खोटंच सांगितलं, की त्याच्या फोनची बॅटरी उतरलीय. गफूरने आपला फोन काढून दिला. अफताबने तो स्वतःच्या पिशवीत तळाशी टाकला. गफूरने परत मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पायाखाली खडी, वर राखाडी आभाळ, दूरवर उंटांचा एक कळप. नाक, कान, बोटं सगळं बधिर झालं. शत्रुघ्नला वाटलं होतं, चालता चालता आपल्याला रडू येईल. बानूभाभींच्या हातचं तो सुट्टीत दोनदा जेवला होता. पण काहीच आलं नाही. पुढे चाललेल्या गफूरच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. तो त्यांच्या मागे मागे चालत राहिला.

गफूर एरवी गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. त्या दिवशी मात्र त्याने बायकोचाच विषय लावून धरला.

"मी पाठवलेलं जाकीट ती घरात घालून बसते. कोकणात! शेजारणी हसतात तिला."

अफताब बुटाची नाडी बांधायला मागे राहिला. नाडी सुटलेली नव्हती.

"यंदा गेलो की विचारणार आहे, तुला एवढी थंडी वाजते कुठे?" गफूर म्हणाला. "काय म्हणेल, सांग?"

शत्रुघ्नला उत्तर देणं भाग होतं. "म्हणतील, तुम्ही इथे राहा, मग नाही वाजणार."

गफूर थांबला. त्याच्याकडे नीट पाहत म्हणाला, "हां. असंच म्हणेल." आणि पुन्हा चालू लागला.

त्या संध्याकाळी गफूर तंबूमागे नमाजला उभा राहिला, तेव्हा शत्रुघ्नने अफताबला गाठलं.

"मला नाही जमत हे. तो माणूस तिच्याबद्दल बोलतोय आणि आपण हां हां करतोय. पाप आहे हे."

"त्यांच्या हृदयावर गेल्या वर्षी इलाज झालाय," अफताब म्हणाला. "इथे काही झालं तर कुठे नेणार? उद्याचाच तर दिवस आहे."

"त्यांना कळल्यावर ते आपलं तोंड बघतील का?"

नमाज फार लांबली. गफूर आत आला, दोघांच्या मधे अंथरूण घातलं आणि तोंडावर कांबळं ओढून पडून राहिला.

शेवटच्या दिवशी वारा पडला, पण थंडी तशीच होती. दुपार कलल्यावर सपाटीच्या टोकाला तंबू दिसले. त्यांच्या शेजारी गाडीची काच चमकत होती. अफताब किल्ली चाचपत झपाझप पुढे निघाला.

गफूरची चाल मंदावली. काही पावलं टाकायचा, उभा राहायचा. मुत्लाचा कडा बघायचा. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

शत्रुघ्नला आणखी धीर धरवेना. त्याने गफूरचा दंड धरला.

"गफूरभाई, बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय. घरून फोन—"

"तंबूपाशी सांग."

"नाही, आत्ताच. तुम्हाला कल्पना नाही, आम्ही परवापासून तुमच्यापासून काय—"

गफूरने त्याचा हात हळूच दंडावरून सोडवला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

"हमजाने तुम्हाला फोन केला, शेवटी सांगा म्हणाला, ते मीच करायला लावलं रे," तो म्हणाला. "चल. त्या तंबूपर्यंत आहे ती."