खुंटीवरचं लाल फडकं

रेल्वेच्या आखणीची खुंटी दारासमोर ठोकली गेली, तेव्हापासून म्हातारीनं ती डोळ्यांत तेल घालून जपली. लांब दिलेल्या लेकीला लेकरं घेऊन बसगाड्या बदलत माहेरी येणं जमेना; आता गाडी दारात येणार होती. खुंटीवरचं लाल फडकं उन्हानं विटलं, की ती लेकीच्या लहानपणच्या लाल फ्रॉकची पट्टी फाडून बांधायची. आज आखणी पक्की करायला इंजिनिअर आला. “आजी, तुमच्यामुळे खूण टिकली बघा! नाहीतर पुन्हा मोजणी करावी लागली असती.” “ते राहू दे बाबा. स्टेशन कुठं होणार? माझी लेक कुठं उतरेल?” इंजिनिअर हसला. “अहो, ही फक्त मालगाड्यांची लाइन. कोळसा भरायचा, थेट बंदरावर उतरवायचा. गाडी इथं थांबणारच नाही.” म्हातारी घरात गेली. तिनं ट्रंक उघडली. फ्रॉकची आता एक बाही तेवढी उरली होती.