मुक्या मावळ्याचा प्रश्न

बेलवली गावातल्या घरी यज्ञेशनं लॅपटॉपवर जुना ऐतिहासिक मूकपट लावला. त्यात त्याचे पणजोबा मावळा झाले होते. लहानपणीच बहिरी झालेली त्याची आई, मालिनी, माणसांचे ओठ वाचायची.

“आई, काय बोलतायत गं?”

“महाराज विचारतायत, जेवण कधी येणार!” नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

तेवढ्यात पणजोबा भाला टेकून कॅमेऱ्याकडे वळले. “मालू, गॅस बंद केलास?”

तिचे दिनानाथ कामाला निघताना दारात थांबून रोज हेच विचारायचे.

ती उठून बघून आली. गॅस बंद होता. पडद्यावरची लढाई संपून सगळे पांगले होते. मावळा तेवढा तिच्याकडे बघत उभा होता.

मालिनीनं ओठ घट्ट मिटून घेतले. ‘केला’ म्हटलं, की दिनानाथ जिना उतरायला लागायचे.