दुसरा ब्रेक

सकाळी सहा वाजता ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबली. स्टिअरिंगवर मास्तरांची बायको, शेजारी खुद्द मास्तर.

"लायसन्स मिळालं ना? मग घाट कशाला चढवायचा? बाजारात जाण्यापुरतं येतंय की तुला!" मास्तर म्हणाले.

"बाजारात मी पायी जाते."

मास्तरांच्या पायाशी शिकवणीचा दुसरा ब्रेक होता. शिकताना प्रत्येक वळणावर तिचा पाय पोचायच्या आत त्यांनीच गाडी थांबवली होती.

"अहो, मांडी घालून बसा."

"वेड लागलंय का? काही झालं तर?"

"ब्रेक माझ्याही पायाशी आहे."

पुटपुटत मास्तरांनी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली. तिने पहिला गिअर टाकला.

तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला. तिने हॉर्न दिला, गाडी कडेला घेतली. शेजारी मास्तरांनी डोळे घट्ट मिटले होते. मांडी मात्र तशीच होती.