ज्ञानदेवांचा चौकोन

"उजेडाकडे धर," सर्जेराव म्हणाले.

आनंदने लोखंडी पट्टी खिडकीसमोर धरली. पट्टीला चौकोनी भोक, आणि भोकात त्याने स्वतः कानशीने घासून बसवलेला चौकोनी तुकडा. फटीतून उजेड दिसला नाही तर काम पास. आनंदच्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी, कारखान्याच्या टूलरूममध्ये नव्या पोरांची तीस वर्षं हीच परीक्षा घेतली होती. सर्जेराव त्यांच्या शेजारच्या बाकावरचे. ज्ञानदेव गेल्यावर पास-नापास सांगणारा हा एकच माणूस उरला होता. त्याच्या तोंडून एकदा 'बापाचा हात आहे' एवढं ऐकायचं, म्हणून आनंदने तीन वर्षांचे रविवार या गॅरेजमध्ये घातले होते.

एरवी तो हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसे. कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांनी घरी आणलेली हत्यारांची पेटी पुढे त्याच्या वाट्याला आली, आणि कर्वेनगरच्या रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये त्याने हौसेने वर्कशॉप थाटलं. गाडी बिचारी रस्त्यावर. शाळेत असताना वडिलांनी एकदा त्याच्या हातात कानस दिली होती. दुसऱ्याच दिवशी हाताला फोड आले आणि आनंदसाहेबांनी ती जी खाली ठेवली ती ठेवलीच. ही गोष्ट तो पाहुण्यांना सांगत नसे.

आज खंडेनवमी. सकाळीच हत्यारांना झेंडू वाहिले होते. लोणी काळभोरहून आलेल्या थोरल्या बहिणीने, भाग्यश्रीने, फूल वाहायला हात पुढे केला तसा तो म्हणाला होता, "ताई, आज तरी उजव्या हाताने."

तिने हात बदलला. मग म्हणाली, "आनंद, तो पकडीचा छोटा व्हाइस आणि दोन कानशी मला देतोस?"

"कशाला? लोणच्याच्या बरण्या उघडायला?"

तो हसला. ती काही हसली नाही.

"कोपऱ्यात दिसतोय उजेड," सर्जेराव आता म्हणाले. "छंद म्हणून ठीक आहे."

ते 'ठीक आहे' आनंदला चांगलंच झोंबलं. "बाबांसारखं कुणाला जमणार, काका," असं म्हणत त्याने काचेच्या कपाटातून दुसरी पट्टी काढली. पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली सापडली होती ती. इतके दिवस त्याने तिचीच नक्कल चालवली होती. "हे बघा. त्यांचं शेवटचं काम."

सर्जेरावांनी पट्टी उजेडाकडे धरली. केसभरसुद्धा फट नव्हती. त्यांनी अंगठ्याने तुकडा बाहेर ढकलला, चष्मा कपाळावर चढवला, तुकडा डोळ्यांशी नेला आणि त्यावरच्या कानशीच्या बारीक रेषांवरून नख फिरवलं.

"हे ज्ञानदेवाचं काम नव्हे."

"म्हणजे?"

"रेषा उलट्या बाजूला कललेल्या आहेत. डावखुऱ्याने घासलंय हे."

भाग्यश्री चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"पोरी, तू?"

"कारखाना बंद झाल्यावर बाबा दुपारभर रिकामे बसायचे," ती म्हणाली. "मला शिकवायचे."

तीन वर्षं आनंद बापाच्या हाताशी बरोबरी करत होता, आणि तो हात बापाचा नव्हताच. "मग आजवर बोलली का नाहीस, ताई?"

तिने ट्रे बाकावर ठेवला आणि त्याचा कप त्याच्यासमोर सरकवला, डाव्या हाताने.

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, 'पेटी मुलाकडेच जायची. तुला जमलं हे आनंदला कळलं, तर तो कानशीला पुन्हा हात लावणार नाही.'"