उठण्याचा शब्द

दार उघडताच तामुरा, त्यांची बायको आणि मुलगी चिझुरू एका रांगेत उभी राहिली आणि कमरेतून वाकली.

जपानहून आलेली ती तिघं आठवडाभर हॉलंडच्या रीती शिकत होती. भेटल्यावर गालाला गाल लावून तीनदा मुके घ्यायचे, हे तामुरांनी श्वास रोखून सोसलं होतं. समुद्राकाठी कच्चा हेरिंग मासा शेपटीला धरून गिळला होता आणि मुलीकरवी होणाऱ्या विहीणबाईंना, म्हणजे मारेकेला, कळवलं होतं की मासा उत्तम आहे, फक्त भात विसरलात. संग्रहालयांतून त्यांना युद्धही दाखवून झालं होतं, जर्मनांचं. ते दुसरं युद्ध, जपान्यांनी डचांच्या जावा बेटावर नेलेलं, मारेकेने मोठ्या शिताफीने वाटेतून वगळलं होतं. पण होणाऱ्या जावयाच्या आजीला भेटल्यावाचून परत जायचं नाही, असं तामुरांनी धरून ठेवलं. आणि आज, घरातल्या सर्वांत वडील माणसापुढे, हेगमधल्या या अरुंद दारात, त्यांनी स्वतःच्या रीतीचा सर्वांत खोल मान दिला.

मारेकेने आईकडे पाहिलं. आजीच्या मनात नसेल तर मी या घरात येणार नाही, असं चिझुरूने यूस्टला, मारेकेच्या मुलाला, बजावून ठेवलं होतं. म्हणून सकाळीच मारेके आईची विनवणी करून गेली होती, आणि आई लवंग-दालचिनीच्या केकचे पापुद्र्यासारखे थर रचता रचता म्हणाली होती, "यूस्टने खुशाल करावं लग्न. मी काही बोलणार नाही. केकचा एकेक तुकडा देईन. दुसरा दिला तर मुक्कामालाच राहतील." मारेके हसली होती. एखादं तिखट वाक्य, पुढे न आलेला हात, एवढ्याचीच तिला धास्ती होती.

आई बोलली नाहीच. तिची काठी फरशीवर पडली. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, आणि नव्वदीला टेकलेली ती पाठ, जी मोजे चढवतानाही कुरकुरत असे, बिजागरीसारखी निमूट वाकली. त्या वाकण्यात काही चुकण्याजोगं उरलं नव्हतं.

तामुरांनी डोळ्यांच्या कडेने ते पाहिलं आणि मान आणखी खाली घातली. वडीलधाऱ्यांच्या आधी मान वर करायची नसते. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन घरं एकमेकांपुढे वाकून राहिली.

यूस्टला आजीचं कौतुक वाटलं. "ओमा, तू तर आमच्यापेक्षा पुढे गेलीस. कुठे शिकलीस गं?"

आई उठली नाही. मारेकेने तिच्या पाठीवर हात ठेवला, पुरे आता, कॉफी निवते आहे, असं म्हणाली. हाताखाली पाठ नव्हती, लाकूड होतं. आणि त्या लाकडाच्या आत, खूप खोल, काहीतरी थरथरत होतं.

जावातल्या जपानी कैदछावणीविषयी आई उभ्या आयुष्यात एकदाच बोलली होती, भांडी विसळताना, पाण्याकडे पाहत. ती सहा-सात वर्षांची असतानाची गोष्ट. सकाळ-संध्याकाळ उन्हात बायका-मुलांच्या रांगा. वाकायला एक शब्द होता, उठायला दुसरा. दुसऱ्याच्या आधी मान हलवली तर मारत. तिच्या आईने हलवली होती. ते शब्द कोणते, हे मारेकेने तेव्हा विचारलं नाही.

"चिझुरू," ती म्हणाली, "वाकलेल्या रांगेला वर उठवायला तुमच्यात काय म्हणतात?"

चिझुरूने मान उचलली. तिला आधी प्रश्नच समजला नाही. मग तिने मांड्यांवर दाबलेली ती म्हातारी बोटं पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग ओसरत गेला. ती उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली आणि झोपेतल्या लेकराला उठवावं तशी आजीच्या कानाशी म्हणाली, "नाओरे."

काही झालं नाही.

"असं नाही गं," मारेके म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. "हुकूम द्यावा लागेल."

चिझुरू वडिलांशी जपानीत बोलली. तामुरा सावकाश सरळ झाले. ते शाळेत कवायत शिकवत. मैदानभर मुलांना हा शब्द त्यांनी वर्षानुवर्षं दिला होता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा हलवली.

"बाबा म्हणतात, दुसरं काहीही सांगा. हे नको."

आईच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब फरशीवर पडला. ती एका बाजूला कलू लागली. यूस्टने तिला कमरेत धरून उचलायला पाहिलं, तेव्हा तिच्या घशातून इतका बारीक, इतका कोवळा आवाज निघाला की त्याने हात काढून घेतले.

तामुरांनी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग त्यांनी छाती भरून घेतली, आणि तो शब्द विटांच्या त्या शांत गल्लीत असा कोसळला की समोरच्या बिनपडद्याच्या खिडकीतली बाई ताटावरून उठली.

आई ताडकन सरळ झाली.

मारेकेने तिला हाक मारली. आई म्हणून, मग नावाने, हेन्रिएट म्हणून. चिझुरूने यूस्टच्या हातातून आपला हात सोडवून घेतला होता. तामुरांनी तळहात तोंडावर दाबून धरला होता, आणि आई, लेक, नातू आणि पाहुण्यांनी भरलेल्या त्या दारात, फक्त त्यांच्याकडे पाहत उभी होती, हात मांड्यांना लावून, पुढच्या हुकुमासाठी.