उघडी जखम

ऑर्व्हिलने भिरकावलेलं फावडं बायकोचं, डेल्फीनचं, कपाळ फोडून अंगणातल्या ओकवर आदळलं. साल सोलली गेली.

"हललीस कशाला? झाडाला लागलं ना!" तो धावत जाऊन रंगाचा डबा घेऊन आला. "एप्रिलात ओकची जखम घटकाभरही उघडी ठेवायची नसते. भुंगे रोग आणतात, उभं झाड वाळतं. टेक्सासच्या उन्हात घराला सावली हवी म्हणून वीस वर्षं पोसलाय मी!" जखमेवर त्याने मायेने ब्रश फिरवला. "बघतेस काय? तोंड धू जा."

तिने तोंड धुतलं. तो गुरांच्या बाजाराला गेल्यावर तिने कुऱ्हाड काढली आणि बुंध्यावर सपासप घाव घातले. मग लेकीला गाडीत बसवून ती कायमची निघाली. जाताना रंगाचा डबा तेवढा आठवणीने बरोबर घेतला.