फक्त एक उडी

सकाळपासून फोटोग्राफर रस्त्यावरच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यासमोर कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत होता. कुणीतरी उडी मारावी आणि पाण्यात प्रतिबिंब उमटावं, एवढंच त्याचं मागणं. पण टपालवाला वळसा घालून गेला, शाळेच्या मुली वळसा घालून गेल्या, साधं कुत्रंसुद्धा वळसा घालूनच गेलं. बायकोचा तिसरा फोन आला, “अहो, पाहुणे जेवून गेले!” तेवढ्यात रस्तादुरुस्तीच्या कामगाराने चार घमेली खडी ओतली आणि खड्डा ठोकून सपाट केला. “दहा वर्षं झोपला होतात, नेमका आजच मुहूर्त सापडला?” फोटोग्राफर कडाडला. चरफडत त्याने कॅमेरा बॅगेत कोंबला आणि चेन ओढली. इतक्यात एक आजोबा लगबगीने आले, त्यांनी पँट वर खेचली आणि रोजच्या सवयीने बुजलेल्या खड्ड्यावरून टुणकन उडी मारून गेले. घमेलं झटकत कामगाराने विचारलं, “हा काढलात ना, साहेब?”